उजवीकडची जागा

मी मास्तरीण आहे. चौथीच्या मुलांनी वडाखालच्या हडळीची गोष्ट काढली की मी त्यांना पाढे म्हणायला लावते. अंगात येणं, उतारा टाकणं... असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. आज आहे का, ते विचारू नका. पण जे झालं ते माझ्या घरात झालं, आणि भर दिवसा झालं.

आमचे हे फौजेत होते, ब्रह्मदेशच्या आघाडीवर. तिथे त्यांचं काम स्नायपरचं — पालापाचोळ्यात लपून पडायचं आणि लांबवरचा एकच माणूस नेम धरून टिपायचा. लढाई संपल्यावर हे कल्याणला घरी आले, ठाण्याच्या एका कचेरीत नोकरीला लागले आणि आमचं लग्न झालं. स्थळ बघताना सगळे सांगत होते, मुलगा अबोल आहे, निर्व्यसनी आहे. उजवीकडे एक माणूस घेऊन फिरतो, हे मात्र कुणी सांगितलं नाही.

आधी वाटलं, फौजी माणूस, असायच्याच खोडी. मी चिंच लावून तांब्या लखलखीत करावा, यांनी त्यावर फडकं टाकावं. आरसा भिंतीकडे तोंड करून ठेवलेला. "अगं, मंगळसूत्र पदराआड घे. लांबून चमकतं." कुणाला चमकतं, असं विचारलं की हे खिडकी लावून घ्यायचे. रस्त्याने चालताना मी कायम डावीकडे. चुकून उजवीकडे गेले की हे थांबायचे, मागून वळसा घालायचे आणि मला पुन्हा डाव्या हाताला आणायचे.

आणि ते बोलणं! रविवारी जेवणं झाली की हे खिडकीशी गादीवर पालथे पडत आणि मान न वळवता उजवीकडे हळूच बोलत. "वारा पडला रे." "तो बैल किती अंतरावर असेल, केरबा?" मग कान देऊन ऐकत. आणि हसत! माझ्याशी मात्र या माणसाचं बोलणं मीठ मागण्यापलीकडे जात नसे.

हा केरबा कोण, असं सासूबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "त्याचा जोडीदार होता गं. दुर्बिणीतून बघून ह्याला अंतर, वारा सांगायचा. तिकडेच गेला बिचारा."

गेला म्हणे! माझ्या घरात मुक्काम ठोकून बसला होता, आणि म्हणे गेला.

खरंच सांगते, माझा नुसता जळफळाट व्हायचा. दुसरी बाई असती तर जाऊन झिंज्या उपटल्या असत्या. मेलेल्या माणसाच्या झिंज्या कुठे शोधणार?

आणखी एक. हे उठल्यावर मी गादी झटकायला जायची, तेव्हा उजव्या अंगाला, जिथे कुणीच नव्हतं, दोन खळगे दिसायचे. वाटीएवढे, शेजारीशेजारी. माणूस झोपून उठला की असा ठसा राहत नाही. कापसाच्या गाठी झाल्या असतील, असं म्हणून मी हात फिरवून गादी सपाट करायची.

मग आम्ही डोंबिवलीला खोली घेतली. पश्चिमेला, खिडकीतून भाताची खाचरं आणि त्यापलीकडे खाडी. नव्या जागेत सत्यनारायण घालायचा ठरला, तेव्हा मी मनाशी पक्कं केलं. पूजेला बायको नवऱ्याच्या उजव्या हाताला बसते. आता बघू, मला कोण उठवतं ते.

दोन पाट मांडले, भोवती मीच रांगोळी काढली. दाराशी कुणी आलं म्हणून "या, या" म्हणायला गेले, आणि परत येते तो माझ्या पाटापुढची रांगोळी दोन जागी पुसलेली. वाटीएवढी, शेजारीशेजारी. शेजारच्या काकू तिथेच वाती वळत बसल्या होत्या.

"काकू, इथे कुणी आलेलं?"

"नाही गं बाई. मी इथेच तर आहे."

हे डाव्या पाटावर येऊन बसले. गुरुजी म्हणाले, "या वहिनी, यजमानांच्या उजवीकडे बसा."

"तिथे नको," हे म्हणाले.

"अहो, शास्त्र आहे ते."

"तिथे केरबा आहे."

सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं वाटलं, आणि दुसऱ्याच क्षणी असा संताप आला की मी त्या रिकाम्या पाटासमोर उभी राहून सगळ्यांसमक्ष म्हणाले, "भाऊजी, उठा. फौजेत असेल ही जागा तुमची. हा संसार माझा आहे."

आणि बसले.

यांच्या तळहातावर पळीभर पाणी आलं. गुरुजी म्हणाले, "हाताला हात लावा." मी यांच्या दंडाला बोटं लावली. हे सोवळ्यात, अंगावर नुसतं उपरणं, दंड उघडा. माझ्या बोटांना मात्र जाडंभरडं कापड लागलं... ओलं, चिखलाने ताठरलेलं. ते माझ्या बोटांखालून हळूच सरकलं, कुणी बाही काढून घ्यावी तसं. मग यांचा दंड लागला. ऊन ऊन.

हे खिडकीबाहेर बघत होते. खाचरांवरून नजर सरकत सरकत खाडीपर्यंत गेली.

"उठला," एवढंच म्हणाले, आणि लहान मुलासारखे रडले.

प्रसाद वाटून झाला, माणसं गेली, तेव्हा मला म्हणाले, "त्याला सकाळीच गोळी लागली. अंधार पडेपर्यंत मला हलता येईना. हललो असतो तर मीही गेलो असतो. दिवसभर तो माझ्या उजवीकडे तसाच. कोपरं मातीत रोवलेली. एकटा पडू नये म्हणून मी बोलत राहिलो त्याच्याशी."

कोपरं म्हटल्यावर गादीवरचे ते दोन खळगे डोळ्यांपुढे आले.

त्यानंतरची वर्षं माझी. रस्त्याने चालताना उजवीकडे मी. तांब्या चमकला तरी चालायचा. एकदा खिडकीशी पडून मला म्हणाले, "तो बैल किती अंतरावर असेल गं?" मला काय कळतंय त्यातलं! म्हटलं, "तिथे तर आहे, शेपटीच्या मागे." हे खो खो हसले. ते हसू मी त्या केरबाकडून जिंकून आणलं होतं, आणि त्याचा मला भारी तोरा होता.

गेल्या पावसाळ्यात तापाचं निमित्त होऊन हे गेले. दिवसकार्य झालं, पाहुणे पांगले. दुपारी मी खिडकीशी गादी टाकली, चहाचं आधण ठेवून परत आले... आणि गादीवर चार खळगे. दोन डावीकडे, दोन उजवीकडे.

मी उजवीकडच्या दोन्हींत कोपरं टेकवून पाहिली. बसेनात. ते खळगे माझ्या मापाचे नव्हतेच.

मला याचं स्पष्टीकरण देता येत नाही, आणि कुणी दिलं तरी आता पटायचं नाही. गादी मी सपाट केलेली नाही. राग येतो — इतकी वर्षं भांडून मिळवलेला नवरा, जाताच पुन्हा त्याच्याकडे गेला! तिथे आता उजवीकडे केरबा असणार. असू दे. पण डावी बाजू, जिथून मी सुरुवातीला चालायची, तेवढी तरी यांनी माझ्यासाठी रिकामी ठेवली असेल का हो?