रिकामी गाडी लवकर पळते

नववीत बल आणि वस्तुमान शिकवताना मास्तरांनी उदाहरण म्हणून मलाच फळ्यापुढे उभं केलं होतं. शेजारी वर्गातला सगळ्यात काटकुळा पोरगा. दोघांनाही सारखाच धक्का दिला. तो दारापर्यंत गेला, मी जागचा हललो नाही. "समजलं? वस्तुमान जास्त, तर त्वरण कमी." वर्ग हसला, मीही हसलो. घरी आईला सांगितलं, तर ती म्हणाली, "माह्या हातचं खाल्लेलं हाय, असं कसं हालन?"

हा किस्सा मी लग्नाकार्यात पुष्कळदा सांगितला आहे. पुढचं सांगत नाही.

गेल्या हिवाळ्यात, दुपारी जेवता जेवता आईच्या छातीत दुखायला लागलं. राळेगावच्या डॉक्टरांनी पाहून लगेच यवतमाळला न्यायला सांगितलं. अँब्युलन्स दुसऱ्या पेशंटला घेऊन गेलेली. साळ्याच्या जुन्या व्हॅनमध्ये मागच्या सीटवर तिला निजवलं, डोकं माझ्या मांडीवर घेतलं. चालवायला साळाच. तिनं माझी बाही घट्ट धरली होती. "मले एकटीले सोडू नको, बाबू," एवढंच तिचं मागणं.

पुढे कापसानं भरलेला ट्रॅक्टर चालला होता. त्याच्यामागे हळू करता करता गतिरोधकावर व्हॅन बंद पडली. किल्ली फिरवली, नुसतीच कटकट.

"बॅटरी गेली, भाऊजी. धक्काच मारा लागते."

मी स्टिअरिंगवर बसून साळ्याला ढकलायला लावलं असतं, पण या वयातही मला सायकलशिवाय काही चालवता येत नाही. शेवटी बाजूच्या वावरात कापूस वेचणाऱ्या बायाच कमरेच्या कापसाच्या ओट्या सावरत धावत आल्या. रस्ता जरासा चढाचा. त्यांनी जोर लावला, गाडी हलली आणि थांबली. एकीनं आत डोकावलं.

"भाऊ, तुम्ही आतून जोर लावून राह्यले का?"

दुसरी म्हणाली, "उतरा न जी. आतलं वजनबी कमी होते, अन् भायेर एक माणूसबी वाढते."

हिशेब बरोबर होता. मी आईकडे पाहिलं. तिची मूठ बाहीवर तशीच.

"उतर," ती म्हणाली, आणि मूठ सोडली. "तुह्याच्यानंच अडली हाय गाडी." तेवढ्या दुखण्यातही जराशी हसली. तिच्या डोक्याखाली माझा दुपट्टा ठेवून मी उतरलो.

"चालू झाली का हळू करतो," साळा म्हणाला. "पळत या अन् चढा."

मी खांदा लावला. माझ्या वजनाचा आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी उपयोग झाला. गाडीनं वेग धरला, इंजिन खोकलं, त्यानं धूर ओकला आणि ते चालू झालं. साळ्यानं हळू केली, तसं ते पुन्हा लटपटायला लागलं.

"थांबू नको!" मीच ओरडलो. "जाय तू, जाय!"

आणि मग धावलो. धावलो म्हणजे काय, आधी पोट निघालं, मागून मी. रिकामी गाडी भराभर लहान होत गेली. मागच्या काचेतून आईचा हात वर झालेला दिसला. बोलावत होती की राहू दे म्हणत होती, कळलं नाही.

मागून पहिला आला तोही कापसाचाच, दुसरा ट्रॅक्टर. मी ट्रॉलीवर चढलो. ट्रॅक्टरवाला पायानं अ‍ॅक्सिलरेटर दाबत होता, ट्रॅक्टर नुसता धूर सोडत होता. कापसासारखं हलकं, असं लोक म्हणतात. ट्रॉलीभर झाला की तोही हलता हलत नाही.

यवतमाळच्या दवाखान्यासमोर व्हॅन उभी होती, इंजिन चालूच. बंद करायची साळ्याची हिंमत झाली नव्हती. माझ्याकडे न पाहताच तो म्हणाला, "वाटेतच गेली, भाऊजी."

"काही बोलली?"

"'आला का, आला का,' इचारे. मी म्हटलं, मांगंच हाय."

संध्याकाळी तिला घरी न्यायला आम्ही स्ट्रेचर उचललं. पायाकडे साळा, डोक्याकडे मी. गाडीला लावला होता तसाच जोर मी लावला, आणि माझी बाजू झटक्यानं वर गेली. वजन असं तिच्यात काही राहिलंच नव्हतं.

"हळू, भाऊजी," साळा म्हणाला.