खडीच्या बदल्यात मेंढी

मास्तरांनी मला फसवलं. माझ्याकडून वीट घेतली, बदल्यात खडी कबूल केली आणि हातात मेंढी टेकवली. हे भिवंडीत माझ्याच घरी, माझ्याच सतरंजीवर, माझ्या घरचा चहा पिऊन झालं.

वीट, खडी आणि मेंढी पत्त्यांवर छापलेल्या होत्या, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे "अहो, खेळच तो" असं मधेच कुणी म्हणायला नको. मास्तर गेली कित्येक वर्षं तेच म्हणतायत.

मी मूळचा दिघाशीचा. भिवंडीत आलो तो लूमच्या कांड्यांवर सूत भरायला. तिथून लूमवर, लूमवरून कापडाच्या दलालीत, आणि दलालीतून स्वतःच्या चार लूमपर्यंत पोचलो. ही सगळी चढण मी घासाघीस करत चढलो. माझा आवाज चढतो, हे बाजाराला ठाऊक आहे. पण दिलेला शब्द फिरवला असं माझ्याबद्दल कुणी सांगणार नाही.

खेळाचा नाद जुना. शुक्रवारी वीज बंद, म्हणजे लूम बंद, म्हणजे सबंध गावाचे कान मोकळे. ऐंशीच्या सुमाराला आम्ही कारखान्यातच, बंद लूमच्या मधल्या गल्लीत पाच-तीन-दोन आणि मेंढीकोट खेळायचो. पुढे लग्न झालं, घर झालं, आणि घरात 'व्यापार' आला. खोट्या नोटा, शहरं विकत घ्यायची, भाडं वसूल करायचं. सगळ्यांना वाटायचं, हा खेळ माझ्यासाठीच बनवलाय. मला तो कधीच आवडला नाही. त्यात प्रत्येक शहराचा भाव पटावर छापलेला. छापील भावाने माल उचलण्यात कसलं आलंय कसब?

मग नव्वदीच्या अखेरीस माझा मेव्हणा जर्मनीहून तो डबा घेऊन आला. मेव्हणा मशिनरीचा फिटर. कंपनीने त्याला शिकायला पाठवलं होतं. लोक तिकडून घड्याळं, परफ्यूम आणतात. याने आणला पुठ्ठ्याचा डबा. आत षटकोनी तुकडे होते. कुणावर जंगल, कुणावर गव्हाचं शेत, कुणावर विटांची माती, कुणावर डोंगर, कुणावर मेंढ्यांचं कुरण. ते जुळवले की एक बेट तयार. शिवाय लाकडाची इवली घरं, रस्ते, दोन फासे आणि पत्त्यांचे जुडगे. फाशांवर आकडा पडला की त्या आकड्याच्या जमिनीशेजारी ज्याचं घर, त्याला तिथला माल. माल जमवून रस्ता बांधायचा, घर बांधायचं, घराची माडी करायची. ज्याचे आधी दहा गुण होतील तो जिंकला. आणि मुख्य गोष्ट म्हणजे हवा तो माल आपल्याकडे नसेल, तर समोरच्याशी सौदा करायचा. भाव कुठेही छापलेला नाही.

मी त्या डब्याच्या प्रेमात पडलो.

नियमांचा कागद जर्मनमध्ये होता. मेव्हण्याला तिकडच्या कुणी शिकवलं होतं तेवढं त्याने सांगितलं आणि तो पुण्याला निघून गेला. उरलेले नियम आम्ही घातले. आम्ही म्हणजे चौघं. मी आणि माझी बायको. शेजारचे मास्तर, जे हायस्कुलात गणित शिकवायचे. आणि समोरच्या सायझिंगचे, म्हणजे सुताला खळ लावायच्या कारखान्याचे मालक, ज्यांना सगळी गल्ली चाचा म्हणायची. चाचा जुम्म्याची नमाज आटोपून, जेवून यायचे आणि भिंतीला टेकून बसायचे.

खेळात एक काळी सोंगटी होती. ती ज्या जमिनीवर बसेल तिथलं उत्पन्न बंद. मेव्हणा तिला दरोडेखोर म्हणाला होता. चाचांनी तिचं नाव पहिल्याच दिवशी बदललं. "ये तो वायरमन है. जहाँ बैठा, वहाँ काम बंद." तेव्हापासून ती वायरमन. डोंगरावरच्या दगडाला आम्ही खडी म्हणायचो, कारण आमच्याकडे डोंगरातून दुसरं काही निघत नाही.

आणि रुमाल मी आणला. माझा बाप बैलांच्या बाजारात सौदे करायचा. तिथे भाव तोंडाने बोलत नाहीत. दोघांच्या हातांवर रुमाल टाकतात आणि खालून बोटं दाबून भाव ठरवतात. बघणाऱ्याला फक्त रुमाल हललेला दिसतो. बाप सांगायचा, "रुमालाखालचा सौदा मोडायचा न्हाय. उद्या त्याच बाजारात बसायचं हाय." मी तीच रीत खेळात घातली. एक बोट लाकूड, दोन वीट, तीन मेंढी, चार गहू आणि बंद मूठ म्हणजे खडी. डावा हात द्यायचा माल सांगणार, उजवा घ्यायचा. सगळ्यांना रीत फार आवडली. माझी बायको पाहुण्यांसमोर एरवी चहापुरतं बोलायची. ती रुमालाखाली अशी काही चेपायची की चाचा हात झटकत म्हणायचे, "भाभी, उँगली तो वापस करो." तिने माझ्याकडून एका मेंढीवर दोन गहू काढले होते. नवरा म्हणून सूट मागितली तर म्हणाली, "सूट घरात. हे दुकान आहे."

अशी दोनेक वर्षं गेली. आठवडाभर मी बाजारात भांडायचो आणि शुक्रवारी हसत भांडायचो. घरी आल्यावर मी ओरडलो नाही असा तो एकच वार, असं बायको सांगायची.

मग मास्तरांनी ठाण्याला जागा घेतली. डबा मेव्हण्याने चौघांत मिळून दिला होता. तो आळीपाळीने एकेकाच्या घरी राहायचा. आता चौघांतला एक निघाला, तर डबा कुणाचा? चाचा म्हणाले, "आखरी बाज़ी खेलो. जो जीता, डिब्बा उसका." सगळ्यांनी मान डोलावली. मला तर तो जिंकायचाच होता. डबा माझ्याकडे राहिला तर मास्तरांच्या जागी कुणीतरी मिळालं असतं. डबा ठाण्याला गेला तर शुक्रवारच गेला.

त्या दिवशी मला फासे चांगले पडले. माझे नऊ गुण झाले. एका घराची माडी केली की दहा. त्याला लागणारं सगळं हातात होतं, फक्त एक खडी कमी. खडी फक्त मास्तरांकडे होती. त्यांचे गुण आठ. त्यांना घर बांधायला वीट हवी होती आणि ती माझ्याकडे होती. पाळी त्यांची, त्यांच्यानंतर लगेच माझी.

त्यांनी रुमाल पुढे केला. "शेठ, बसा."

मी हात दिले. त्यांनी माझी दोन बोटं दाबली, म्हणजे वीट. मग माझ्या दुसऱ्या हातात त्यांची मूठ आली. बंद मूठ. मी हळूच म्हटलं, "आत्ता?"

"तुमच्या पाळीला," मास्तर म्हणाले. "आधी मला घर बांधू द्या."

मी हिशोब केला. घर बांधून त्यांचे नऊ होतील. मग माझी पाळी येईल, खडी मिळेल, माझे दहा. मी वीट दिली. त्यांनी घर बांधलं, फासे माझ्याकडे सरकवले आणि मी हात पुढे केला.

मास्तरांनी त्यावर मेंढी ठेवली.

"हे काय?"

"ठरलेलं."

"ठरली होती खडी."

"तीन बोटं होती, शेठ. तुमचा हात घामेजला होता, नीट कळलं नसेल."

मी माझे पत्ते उलटे करून सतरंजीवर आपटले. "हे बघा. माझ्याकडे आधीच तीन मेंढ्या आहेत. तीन मेंढ्यांचा मालक वीट देऊन चौथी मेंढी कशाला घेईल? कळप हाकायचाय मला?"

चाचा इतके हसले की त्यांना ठसका लागला. मी त्यांना निवाडा मागितला. ते डोळे पुसत म्हणाले, "रुमाल के नीचे की बात तुम दोनों जानो और ऊपरवाला जाने. मैंने तो रुमाल ही देखा."

बायको म्हणाली, "तरी मी सांगत होते, तोंडाने बोला. रुमाल कुणी आणला?"

"तू कुणाच्या बाजूची?"

"माझे सात गुण झालेत. मी माझ्या बाजूची."

माझी पाळी फुकट गेली. बायकोची झाली, चाचांची झाली. मग मास्तरांनी हातातली खडी मोजून ठेवली, गहू ठेवला आणि घरावर माडी चढवली. दहा. ज्या खड्या ठेवल्या त्यांत माझीही होती. ती मला दिली असती तर त्यांची माडी झालीच नसती. गणिताच्या मास्तरांना हे कळत नव्हतं असं मला कुणी पटवू नये.

मी बरंच बोललो. मास्तर शांतपणे घरं, रस्ते आपापल्या पिशव्यांत भरत होते. जाताना दारात म्हणाले, "शेठ, तुमचा चहा मात्र ठाण्याला मिळणार नाही हो." बायको म्हणाली, "चहा मी करते, भाऊजी." आणि सगळे पुन्हा हसले. मीसुद्धा हसलो असेन. पण डबा त्यांच्या काखेत होता.

बापाचं म्हणणं मला तेव्हा उलट्या बाजूने समजलं. रुमालाखालचा सौदा पाळतात, कारण उद्या त्याच बाजारात बसायचं असतं. मास्तरांना उद्या बसायचंच नव्हतं. त्यांचा टेम्पो ठरला होता.

त्यानंतर मी वडप्याला गोडाऊन बांधलं, कितीतरी सौदे केले, काहींत मार खाल्ला, आणि ते सगळे विसरलो. हा विसरत नाही. अंजूरला लग्नात मास्तर भेटतात, पंगतीत शेजारी बसतात, माझ्या पानात जिलबी वाढायला सांगतात. मी विषय काढला की म्हणतात, "शेठ, अजून? अहो, खेळच तो." चाचा अजूनही भिंतीला टेकून बसतात आणि शुक्रवारी दुपारी विचारतात, "डिब्बा आया क्या?" बायकोने तो रुमाल धुऊन घडी करून ठेवलाय.

तेव्हा मास्तर, हे तुमच्यासाठी लिहिलंय आणि मला याचं उत्तर हवंय. "खेळच तो" हे उत्तर नाही. एखाद्या शुक्रवारी डबा घेऊन या, सतरंजीवर समोर बसा आणि चाचांच्या आणि माझ्या बायकोच्या देखत सांगा. त्या रुमालाखाली तुम्ही मला मूठ दिलीत की तीन बोटं?