पाहुणे आले तेव्हा मी दगड चावत होते

हैदराबादला तेल शोधणाऱ्या एका खात्यात मी नोकरीला होते. जुन्या चिखलाचे थर दबून झालेले काळे दगड आणायचे, त्यांतून कधीकाळी तेल किंवा गॅस निघाला असेल का ते बघायचं आणि त्याप्रमाणे त्यांची वर्गवारी लावायची, हे आमचं काम. पापुद्रे सुटतात तो शेल, ढेकळासारखा फुटतो तो पंकाश्म. पण त्यात निव्वळ चिखल किती आणि रेती किती, हे ओढ्यात उभ्या उभ्या कळायला एकच सोपा उपाय: कण दातांत धरायचा. कचकचला तर रेती, विरघळला तर चिखल. आमचे मोठे साहेबसुद्धा असेच चावायचे. ऑफिसात त्याचं कोणाला काही वाटत नसे.

त्या उन्हाळ्यात मला पाहायला पाहुणे येणार म्हणून मी पैनगंगेकडच्या आमच्या गावी आले. मुलगा उटनूरला सरकारी ऑफिसात कारकून, घर गुडीहत्नूरकडचं. पाहुणे दुपारी येणार होते. सकाळ मोकळी होती आणि गावाजवळच्या ओढ्यात शेलचा थर उघडा पडलेला. मी हातोडी घेऊन निघाले तशी माय ओरडली, "आज तरी घरी राह्य ना वं!"

"आत्ता येतो," म्हणून मी सटकले.

दुसरा तुकडा दातांत धरला होता, तेवढ्यात कॅन घेऊन एक बाई ओढ्यात उतरल्या. वर पुलावर त्यांची जीप तापून उभी होती.

"काय खाऊन राह्यली माय?" त्यांनी विचारलं.

"दगड," मी थुंकून म्हटलं. "पह्यला काही बरा निघाला नाही."

बाईंनी कॅन भरला आणि मागे वळून बघत गेल्या.

घरी आले तर पाहुणे येऊन बसलेले! घाईघाईनं साडी नेसून मी चहा घेऊन बाहेर गेले आणि समोर त्याच बाई. मुलाच्या आत्या. चहा घेताना त्यांनी मला ओळखलं आणि त्यांची बशी ओठांपाशीच थांबली. मग उठून त्यांनी मायला आत नेलं आणि हळू आवाजात, पण बैठकीत सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "पोरीले कितवा महिना हाय?"

मायच्या हातातलं ताट पडलं. बाबा शाळामास्तर. ते ताडकन उभे राहिले आणि वर्गात सांगावं तसं सुरू झाले, "त्याचं असं आहे, फार फार पूर्वी इथे समुद्र होता..." समुद्र कोणी ऐकून घेईना. शेवटी मीच दगडांची पिशवी आणून मधोमध ओतली आणि चावण्याचं कारण सांगितलं.

मुलगा तोवर मान खाली घालून बसला होता. त्यानं एक तुकडा उचलला आणि दातांत धरला.

"रेती हाय," तो म्हणाला.

"मग नापास."

त्यानं दुसरा घेतला. "हा मऊ हाय."

"हा तपासणीला जाईल."

"अरे ठेव थे!" आत्याबाई ओरडल्या. "आता तुले डोहाळे लागले काय?"

सगळी बैठक हसली. आत्याबाईंना मात्र हसू यायला जरा वेळ लागला. पदरानं डोळे पुसत त्या म्हणाल्या, "खाऊ द्या पोरीले. आपल्या वावरात गोट्याले काय तोटा हाय?"

असं आमचं जमलं. ओढ्यातल्या शेलचं मात्र काही जमलं नाही. तेल व्हायला दगड जमिनीखाली बेतानं तापावा लागतो. कमी तापला तर कच्चा, जास्त तापला तर करपतो. आमचा करपलेला निघाला. मी स्वतः यादीत त्या दगडापुढे 'निरुपयोगी' लिहिलं.

पण आत्याबाईंनी गावभर सांगून ठेवलं होतं, सून तेलाच्या खात्यात हाय. लग्नानंतर पहिल्यांदा सासरी गेले, तर दुसऱ्याच दिवशी शेजारची म्हातारी रॉकेलचा डबा घेऊन दारात उभी. जमिनीतलं तेल, रेशनचं रॉकेल, माझं काम, सगळं मी नीट समजावून सांगितलं. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि डबा ओट्यावर ठेवला.

"निघालं का भरून ठेवजो," ती म्हणाली. "मले काही घाई नाही."