बाबांना काहीच दुखत नाही

आमच्या घरात थंडीतली सहल म्हणजे नदीकाठचं भेडाघाट आणि तिथे चुलीवरचा गाकड-भरता. गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत भाजलेले कणकेचे गोळे, म्हणजे गाकड, बाबा उघड्या हातांनी बाहेर काढत, आणि आम्ही चिमटा शोधत बसलो की हसत. रिछाईच्या कारखान्यात जन्म गेलेला माणूस, हात असेच असणार, असं आम्ही धरून चाललो होतो. मला तर त्याचा अभिमानच होता. बीपीची गोळी मात्र ते डोकं दुखलं तरच घेत, आणि डोकं त्यांचं कधी दुखायचं नाही.

गेल्या डिसेंबरात ते आईशी बोलताना हातातला गरम गाकड तसाच धरून बसले. मला वास आला. तो कणकेचा नव्हता. मी किंचाळले.

“काहून ओरडून राहिली? काही नाही झालं.” तळहाताची कातडी गाकडाला चिकटून निघाली होती. मला शिसारी आली आणि त्यांचा रागही आला.

मदन महल भागातल्या आमच्या डॉक्टरांनी मलमपट्टी केली, बीपी पाहिलं, पुन्हा पाहिलं आणि ईसीजी काढायला लावला. तो बघून त्यांनी विचारलं, “बाबूजी, सीने में दर्द कब हुआ था?”

“कभी नहीं जी.”

“अटैक तो आ चुका है.”

मग त्यांनी मला समजावलं. बीपी वर्षानुवर्षं चढलेलं राहिलं की काही जणांची दुखण्याची जाणीव बोथट होते, उतारवयात तर दुखणं आणखीच लपतं. असं का होतं, हे अजून पुरतं कळलेलं नाही.

बाहेर आल्यावर बाबा खुशीत. “पाहिलं? अटैक पचवला, अन् समजलं बी नाही!” मी चिठ्ठी घेऊन थेट औषधाच्या दुकानात गेले.

आता गोळी मी समोर उभी राहून देते. रोज विचारते, काही दुखतं का? “काहीच नाही.” पूर्वी या उत्तरावर मी निर्धास्त कामाला जायचे. आता ते ऐकलं की मी त्यांचा चेहरा निरखून बघते.

परवा सकाळी कडाक्याची थंडी होती. बाबा अंगणात स्वेटर काढून बसले होते. कपाळावर घाम, चहा तसाच निवलेला. मी त्यांच्या छातीवर हात ठेवून विचारलं.

“काहीच दुखून नाही राहिलं, बेटा. तू काहून रडून राहिली?”

मी आईला हाक मारली आणि गाडी बाहेर काढली.