टॅपेटचा आवाज

आमच्या अंगणात तुळशीला जेवढी जागा आहे, त्याच्या कितीतरी पट अॅम्बेसिडरला आहे. मुळात ती पांढरी होती. आता तिला कोणता रंग म्हणावा ते मला सांगता येत नाही. ह्यांनी निवृत्त झाल्यावर ती घेतली, तेव्हा ती एका बंद गोदामात विटांवर उभी होती आणि मागच्या सीटमध्ये उंदरांचा संसार सुखाने चालला होता. "दिवाळीपर्यंत रस्त्यावर आणतो," असं हे म्हणाले होते. कोणती दिवाळी ते बोलले नव्हते, म्हणून खोटं बोलले असंही मला म्हणता येत नाही.

तेव्हापासून माझी मोठी परात नटबोल्ट भिजवण्यात गेली. माझी जुनी सुती पातळं ग्रीस पुसण्यात गेली. कार्बोरेटर एकदा दोन दिवस फ्रिजवर वाळत होता, आणि घरी आलेल्या पाहुणीने मला विचारलं की हे काय नवीन घेतलंत. हौसेला मोल नसतं म्हणतात. म्हणणाऱ्यांनी एकदा माझ्या परातीला विचारावं.

ह्या हौसेतले ह्यांचे जोडीदार म्हणजे मोहाडीचे भाऊजी. सख्खे नव्हेत, मित्र. तहसील कचेरीत कारकून होते. दर रविवारी मोटारसायकलवर तुमसरला आमच्याकडे येतात, फाटकातूनच "जय भीम, वहिनी" म्हणतात आणि मी हातात पाणी देईपर्यंत बॉनेट उघडलेलं असतं. दोघांपैकी कोणीच मेकॅनिक नाही. एक भाग खोलायला सकाळ जाते, तो परत बसवायला संध्याकाळ, आणि शेवटी एक वॉशर हातात उरतो. त्या उरलेल्या वॉशरांचा माझ्याकडे एक डबा भरला आहे.

ह्यांची सगळी नोकरी राईस मिलमध्ये गेली. मिल चालू असली की शेजारच्या माणसाने कानात ओरडलं तरी कळत नाही, म्हणून तिथे हातांनीच बोलतात. हात गोल फिरवला की चालू कर. तळवा खाली दाबला की हळू. आणि मूठ वर केली की आहे तिथे बंद, लगेच, कारण कोणाचा तरी हात पट्ट्यात जायला आलेला असतो. मूठ दिसल्यावर विचारायचं नसतं, थांबायचं असतं. लग्न होऊन मी आले, तेव्हा जेवताना हे तळवा दाबायचे आणि मी आपली भात वाढतच राहायचे. सासू हसायची. मग शिकले.

मिलवाल्याचे कान जातात, हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे. त्याला कोणी आजार म्हणत नाही. केस पिकतात तसे कान जातात, एवढंच. ह्यांना आधी कुकरची शिट्टी ऐकू येईना, मग फोनची घंटी, मग फोनमधून बोलणारी नात. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं की जाड आवाज अजून येतात, बारीक गेले. मुलाने कानाचं मशीन आणून दिलं. ह्यांनी ते एक दिवस लावलं, "भांडेच वाजून राहिले नुसते," म्हणाले आणि काढून ठेवलं. कुठे ठेवलं, तर हत्यारांच्या पेटीत, जुन्या प्लगांच्या शेजारी.

मग ओरडणं माझ्या वाट्याला आलं. आज भाजी कशाची हे गल्लीला माझ्याकडून कळतं. दिवसभर ओरडून घसा बसतो, आणि संध्याकाळी नात फोनवर विचारते, "आजी, तू रागावली का?" रागावले नाही ग बाई, दमले आहे.

गाडीच्या बाबतीत मात्र ह्यांचा कानावर फार विश्वास. लांब पेचकस, म्हणजे स्क्रूड्रायव्हर, घ्यायचा, टोक चालू इंजिनावर टेकवायचं आणि दांडा कानामागच्या हाडाला लावायचा. आतलं सगळं ऐकू येतं म्हणे. टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह ढकलणारं बारकंसं लोखंड, सैल झालं की बारीक टिकटिक येते, ती कुठल्या ठिकाणी येते ते शोधायचं आणि तेवढंच आवळायचं. भाऊजींना हे कधी जमलं नाही, म्हणून तेवढ्या वेळेपुरते हे गुरू आणि भाऊजी चेले.

या वर्षी दसऱ्यानंतर गाडी एकदाची नीट सुरू झाली. भाऊजींनी तिला हळदकुंकू लावलं, मी नारळ दिला. ह्यांनी पेचकस लावून पाहिला, डोळे मिटले आणि चेहरा असा फुलला की मला लग्नातले हे आठवले.

"पाय वो, कशी शांत चालून राहिली! टॅपेटचा जरासाही आवाज नाही."

टिकटिक तर माझ्या स्वयंपाकघरापर्यंत पोचेल एवढी होती. फोडणीतसुद्धा ऐकू यावी अशी. भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. मग ते ह्यांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडले, "एक नंबर!" आणि मी चहा टाकायला आत गेले. ह्यांच्या त्या आनंदावर पाणी ओतायचं माझ्याने झालं नाही.

दोन-तीन दिवसांनी सकाळी तुळशीला पाणी घालायला बाहेर आले, तर इंजिन चालू, हे बॉनेटवर वाकलेले आणि पेचकसाचा दांडा कानाला नाही, दातांत धरलेला. डोळे घट्ट मिटलेले. कानाने येत नाही तर दातांनी तरी येतं का, ते बघत होते. मला पाहिल्यावर त्यांनी दांडा काढला, सदऱ्याला पुसला आणि विचारलं, "चहा झाला का?" मला इतकं वाईट वाटलं की मी पाणी तुळशीऐवजी पायावरच ओतलं. म्हणजे ह्यांना शंका होती. विचारायचं धाडस नव्हतं, आणि सांगायचं मला नव्हतं.

दिवाळी झाल्यावर भंडाऱ्याच्या पुढे शहापूरजवळ हायवेवरच्या एका ढाब्यावर आसपासचे जुन्या गाड्यावाले जमणार होते. हे गाडी घेऊन जाणारच. मी म्हटलं, भाऊजींना चालवू द्या. ह्यांना ते ऐकू आलं नाही. ज्या गोष्टी ऐकायच्या नसतात त्या पूर्वीही येत नसत, हे खरं. मग मी पुढे ह्यांच्या शेजारी बसले, भाऊजी मागे. माझ्या मनात एकच होतं की आज आम्ही तिघं धडपणे घरी परत यावं.

मोहाडी मागे पडलं. कापणी संपत आली होती आणि रस्त्याच्या डाव्या बाजूला लोकांनी धान वाळत घातलं होतं, दरवर्षी घालतात तसं, कडेने दगड ठेवून. मागे एक ट्रक लागला होता. तो बारीक, किरटा हॉर्न वाजवत होता, थांबून थांबून, मग सारखाच. भाऊजी मागून ओरडले, "दादा, साइड द्या!" मीही ओरडले. हे समोर बघत, गाणं म्हटल्यासारखे ओठ हलवत चालले होते. पुढे धान आलं. ते चाकाखाली येऊ नये म्हणून ह्यांनी गाडी उजवीकडे घ्यायला सुरुवात केली, आणि ट्रक तोवर बाजूला आला होता.

ओरडण्यात अर्थ नव्हता. मी ह्यांच्या डोळ्यांसमोर मूठ वर केली.

त्यांनी विचारलं नाही. स्टिअरिंग डावीकडे, ब्रेक, आणि गाडी धानात जाऊन उभी. ट्रक आमच्या आरशाला हवा देत निघून गेला. हे रागाने लाल झाले होते.

"हॉर्न त वाजवाले पायजे होता ना त्यानं!"

तेवढ्यात जिचं धान होतं ती बाई हातात झाडू घेऊन धावत आली आणि खिडकीत वाकून ओरडली, "मंगापासून वाजवून राहिला होता तो! बहिरे आहा का जी तुमी? माज्या धानाची माती केली!"

तिचं बोलणं त्यांना ऐकू गेलं. की तिच्या तोंडावरून कळलं, कोण जाणे. त्यांनी आरशातून भाऊजींकडे पाहिलं, भाऊजी खाली बघत होते. मग माझ्याकडे पाहिलं.

"वाजवला होता?"

मी होय म्हणून मान हलवली.

इंजिन चालूच होतं. "अन् इंजिन?" त्यांनी विचारलं. "शांत आहे ना?"

मी हो म्हणाले असते तर घरी जाईपर्यंत निभावलं असतं. पण मला आता खोटंही बोलवत नव्हतं आणि ओरडवतही नव्हतं. मी समोर डॅशबोर्डच्या पत्र्यावर नखाने वाजवलं, इंजिन वाजत होतं त्याच लयीत. टिक, टिक, टिक. त्यांनी माझ्या नखाकडे पाहिलं. पाहतच राहिले. मग इंजिन बंद केलं.

आधी आम्ही तिघांनी त्या बाईचं धान चाकाखालून हातांनी ओढून काढलं. ती बडबडत होती, पण तिने आम्हाला पाणी दिलं. मग ह्यांनी बॉनेट उघडलं, भाऊजींना गाडी सुरू करायला सांगितली आणि पेचकसाचं टोक इंजिनावर टेकवलं. दांडा कानाकडे नेला नाही. माझ्याकडे केला.

"सांग," म्हणाले.

माझी कंबर दुखत होती. मी वाकले. आधी नुसती घरघर, मग तिच्या आत ती टिकटिक, अगदी कानाच्या हाडात. ते एकेका जागी टोक सरकवत गेले आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिले. एका जागी ती मोठी झाली. मी मूठ वर केली. ते थांबले, तिथे खडूने खूण केली आणि बॉनेट लावून टाकलं.

शहापूरला गेलो नाही. चावी त्यांनी भाऊजींच्या हातात दिली आणि स्वतः मागचं दार उघडून बसले, आपल्याच गाडीत पहिल्यांदा मागे. मीही शेजारी बसले. तुमसर येईपर्यंत त्यांनी रस्त्याकडे बघितलं नाही. मांडीवर ठेवलेल्या माझ्या हाताकडे बघत होते. तो जरा हलला की विचारत, "काय झालं?"

आणि मी दर वेळी मान हलवून सांगत होते, काही नाही.