वहीतले आकडे माझे नव्हते

तीन वर्षांपूर्वी मी दहा दिवसांच्या ध्यानशिबिराला जाऊन आलो आणि खामगावच्या आमच्या जिनिंगमध्ये मला सगळे 'महाराज' म्हणू लागले. माझं काम कापूस पारखायचं. मूठभर कापूस दाबून पाहायचा आणि ओल किती ते सांगायचं. ओल जास्त सांगितली की भाव कमी, म्हणून शेतकऱ्याशी भांडण ठरलेलं. तेव्हा मी मुद्दाम हळू बोलायचो. 'महाराज' हे नाव मला फार आवडत होतं, हे आधीच कबूल करतो.

म्हणूनच डॉक्टरांनी बीपी वाढलंय म्हटल्यावर मला आजारापेक्षा बदनामीची भीती वाटली. रोज ध्यान करणाऱ्याला बीपीची गोळी! डॉक्टर आमच्याच गल्लीतले, वयस्कर, मुसलमान, बोलणं अस्सल वऱ्हाडी. म्हणाले, "पंधरा दिवस घरी मोजा, वहीत लिवा. आकडे खाली आले त गोळी राहू देऊ."

पहिल्याच संध्याकाळी वीस मिनिटं ध्यान करून दंडाला पट्टा बांधला. एकशे अठ्ठावन्न. मशीनच बिघडलं असेल म्हणून स्वयंपाकघरात गेलो. बायको भाकरी करत होती.

"हात दे जरा, मशीन तपासायचंय."

"थांबा, भाकर पलटू द्या."

तिनं भाकर पलटली, स्टुलावर बसली, हात पुढे केला. नजर तव्यावरच. एकशे बारा. मी वहीत एकशे बारा लिहिलं.

पुढचे चौदा दिवस मी मशीन तपासतच राहिलो. तिनं काही विचारलं नाही. मला वाटलं, भोळी आहे.

वही दाखवायला गेलो तेव्हा ती सोबत आली. डॉक्टर पानं उलटत खुश झाले. "वा महाराज! तुमाले गोळी कायले पाह्यजे?"

"डॉक्टरसाहेब," बायको म्हणाली, "मागच्या गुरुवारी संध्याकाळी एकशे चोवीस लिवलं हाय ना?"

"हाव."

"त्या दिवशी मी नळावर शेजारणीसंग भांडून आली होती. बाकी सगळे एकशे दहा, एकशे बारा. आकडे माहे हायेत. यांचा एकही नाही."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "म्हणजे इतका वेळ मी तुमची तब्येत पाहून राह्यलो, वहिनी? फर्स्टक्लास हाय!" मग पट्टा माझ्या दंडाला बांधला. एकशे चौसष्ट. त्यातले थोडे शरमेचे असावेत.

"खरं सांगा, ध्यानात काय करता?" त्यांनी विचारलं.

सांगून टाकलं. "डोळे मिटतो. पण आत अमडापूरच्या एका शेतकऱ्याशी भांडत असतो. सकाळी त्याला जे सुचलं नाही, तेही त्याच्या वतीनं मीच बोलतो आणि मीच उत्तर देतो."

"मले वाटलंच," बायको म्हणाली. "ध्यानात यांच्या भुवया हालतात."

डॉक्टर हसत गोळी लिहू लागले. "काळीज त वहिनींचंही धडधडते. पण त्या भाकरीपाशी बसल्या का भाकरीपाशीच असतात. त्यांचं भांडण नळावरच राह्यते. तुमचं भांडण घरी जेवाले येते."

परतताना घराच्या फाटकाशी आल्यावर ती म्हणाली, "मी बोलली नसती त गोळी भेटली नसती. तुमाले काही झालं असतं त? आकडा माहा चांगला अन् खाटेवर तुम्ही."

मी वही तिच्या हातात दिली.

आता वही तिच्याकडे असते. पट्टा ती बांधते, आकडा ती लिहिते. गोळीचं मी जिनिंगमध्ये स्वतःच सांगून टाकलं, तर आता मी 'गोळीवाले महाराज' आहे. संध्याकाळी तव्यावरची भाकर पलटायचं काम मला दिलंय. पहिली बहुतेक करपतेच.

"आला वाटते अमडापूरवाला?" ती पीठ मळता मळता विचारते.

"हाव," मी म्हणतो, आणि दुसरी भाकर वेळेवर पलटायला बघतो.