वरचं कार्ड

वन्संबाईंनी माझं कुंकू पुसलं, तेव्हा आमचे मालक माझ्यापासून दहा हातांवर, फुटबॉलच्या गोलात, चांगले धडधाकट उभे होते.

पुसलं कसलं, खरवडलं. पदराचं टोक बोटाला गुंडाळून असं घासलं, की पुढं दोन दिवस कपाळाची आग होत होती. मग माझा हात धरून बैलगाडीच्या चाकावर आपटला. दोन बांगड्या फुटल्या. (नव्या होत्या. संक्रांतीच्या.) दुसऱ्या हातात फुटाणे होते, ते मात्र मी सोडले नाहीत.

"नवरा जाऊन दोन दिस न्हाई झाले," वन्संबाई म्हणाल्या, "अन् फुटाणे खात खेळ बघून राह्यली?"

तोंडात फुटाण्यांचा बोकणा होता, म्हणून मला उत्तर देता आलं नाही. तो गिळून होईपर्यंत जे व्हायचं ते होऊन गेलं. चूक सगळी माझी होती, त्यामुळं पहिल्यापासून सांगते.

तेव्हा निजामाचं राज्य होतं आणि तिकडं कुठंतरी मोठी लढाई चालू होती. आम्ही जालन्यात मस्तगडाला दोन खोल्यांत राहत होतो. मालक, आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, आणि मी. मालक कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते. गाडीवरून फेकलेली कापसाची गाठोडी खाली उभं राहून झेलायची, हे त्यांचं काम. दिवसभर झेलून झेलून हात असे तयार झाले होते, की घरात माझ्या हातून तांब्या सुटला तरी तो जमिनीला लागत नसे. कारखान्याच्या साहेबाला फुटबॉलचा नाद. त्यानं हे पाहिलं आणि मालकांना गोलात उभं केलं.

कापसाचा हंगाम चार महिने. नंतरचे आठ महिने मालक भिंतीला टेकून बसायचे आणि मी त्यांच्याकडं बघायची. अशात खबर आली, की हैदराबादच्या एका पलटणीची टीम रेल्वेनं मनमाडकडं जाताना जालन्याला उतरणार, शुक्रवारी आमच्या कारखान्याशी खेळणार. त्यांचा गोलकीपर म्हातारा झालेला. कप्तानसाहेबाला नवा पाहिजे. पसंत पडला तर बारमाही पगार, कपडे, राहायला खोली, आणि काम काय, तर खेळायचं. खेळण्यासाठी कुणी पगार देतं, हे आत्याबाईंना शेवटपर्यंत पटलं नाही. मला लगेच पटलं. मला ती खोली दिसायलाच लागली होती. तिला मी पडदासुद्धा लावला होता.

आणि रविवारी सरावाच्या वेळी मालकांच्या डोक्यावर कावळा बसला.

गोलकीपरचं कसं असतं, चेंडू दुसऱ्या टोकाला गेला की नुसतं उभं राहायचं. आमचे मालक उभे राहिले की खांबासारखे उभे राहत. कावळ्यालाही तसंच वाटलं असावं. बसला, इकडंतिकडं पाहिलं, उडाला. मालकांनी हे घरी येऊन हसत सांगितलं. आत्याबाईंच्या हातातली परात खाली पडली.

डोक्यावर कावळा बसला म्हणजे मरण जवळ आलं, असं आमच्याकडं मानतात. त्यावर उपायही आहे. परगावच्या कुणा जवळच्या माणसाला खोटंच कळवायचं, की अमका गेला. ते माणूस मनापासून रडलं, की मरणाला वाटतं इथलं काम उरकलं, आणि ते पुढच्या घरी जातं. मग दुसऱ्या दिवशी खरं काय ते कळवून टाकायचं. मरण इतकं बावळट असेल असं मला तेव्हाही वाटलं नव्हतं. पण शुक्रवारी सामना होता. अशा वेळी खात्री करून बघायची हिंमत कुणाची?

रडायला भोकरदनच्या वन्संबाई ठरल्या. मालकांची थोरली बहीण. त्यांनीच मालकांना कडेवर वाढवलेलं, आणि त्यांचं रडणं भोकरदनच्या वेशीपर्यंत ऐकू जाई. लिहायला मी ठरले, कारण घरात चौथी पास मी एकटीच. त्याचा मला तोरा होता, हेही सांगून टाकते.

दोन कार्डं एकाच बैठकीत लिहिली. आधी वाईट, मग चांगलं. मालकांचं नाव मी तोवर कागदावर कधी लिहिलं नव्हतं. पहिल्यांदा लिहिलं ते असं : 'चि. किसन वारला.' चि. म्हणजे चिरंजीव हे नंतर लक्षात आलं. मग ते खोडलं. खोडताना शाईचा मोठा डाग पडला. (तो डाग वन्संबाईंना माझ्या आसवाचा वाटला. त्यावरच त्या पहिल्यांदा रडल्या म्हणे.) दुसऱ्या कार्डावर लिहिलं, 'किसन खुशाल आहे. आधी कळवलं ते खोटं समजावं. बाकी समक्ष.' कावळ्याचं नाव काढायचं नाही, काढलं तर उपाय फुकट जातो, असं आत्याबाईंनी बजावलं होतं. तारीख घालायची मी विसरले.

"ते वंगाळ कार्ड पुन्हा वाचू नको," आत्याबाई म्हणाल्या. "एकदा लिव्हलं तेवढं बास."

म्हणून दोन्ही कार्डं कोनाड्यात पालथी ठेवली. सोमवारी एक टाकायचं, मंगळवारी दुसरं. सोमवारी सकाळी मी वरचं उचललं आणि पेटीत टाकलं. मंगळवारी खालचं. आता, जे आधी लिहून ठेवलं ते खाली जाणार आणि मागून लिहिलेलं वर येणार. भाकरी थापणाऱ्या कुठल्याही बाईला हे कळतं. चौथी पास बाईला कळलं नाही.

मंगळवारी संध्याकाळी मालक आले. एवढे दोन दिवस हसत होते, पण चूळ भरता भरता हळूच म्हणाले, "दोन्ही कार्डं गेली ना बराबर?"

मी म्हटलं, बिलकुल बराबर.

तिकडं भोकरदनला काय झालं ते नंतर कळलं. बुधवारी पोस्टमननं वाचून दाखवलं, की किसन खुशाल आहे, आधीचं खोटं. वन्संबाईंना आधीचं काहीच मिळालेलं नव्हतं. त्यांनी दाजींना सांगितलं, की पोरगं आजारी पडलं असणार, कार्ड वाटेत हरवलं असणार, असू द्या, बरा आहे ना. गुळाचा खडा वाटला. गुरुवारी त्याच पोस्टमननं वाचून दाखवलं, की किसन वारला. आता याचा अर्थ कुणीही काय लावेल? बरा झाला होता, पण उलटलं.

शुक्रवार उजाडला. जुम्म्याची सुट्टी, त्यामुळं सगळं जालना मैदानावर. आत्याबाईंचा जीव थाऱ्यावर नव्हता. भोकरदनहून कुणी रडल्याची खबर आलेली नव्हती, आणि कुणी रडत नाही तोवर मरण टळलं असं धरता येत नाही. म्हणून त्यांनी गाडी जुंपायला लावली आणि ती थेट गोलाच्या मागं, लिंबाखाली उभी करवली. मुलाच्या पाठीवर नजर ठेवून बसल्या. कावळे हाकलायला काठी आणली होती. मी शेजारी फुटाणे घेऊन. मला भीती वाटली की खायला लागतं, अजूनही लागतं.

पलटणीची माणसं म्हणजे काय सांगू! आमची माणसं अनवाणी, त्यांच्या पायांत बूट. एकेक जण धावत आला की जमीन हलायची. मालकांनी चेंडू हातानं अडवला, छातीनं अडवला, एकदा तोंडानं अडवला. रक्त थुंकून पुन्हा उभे राहिले. दर वेळी मला वाटायचं, हा गेला, खोली गेली, पडदा गेला. दर वेळी आत्याबाई झाडाकडं बघून काठी आपटायच्या. खेळ संपायला थोडाच वेळ उरला आणि एकही गोल झालेला नव्हता. कप्तानसाहेब पळता पळता मालकांकडं निरखून बघत होते. मी पडद्याला झालर लावायला घेतली होती.

तेवढ्यात वन्संबाई आल्या. सर्व्हिस मोटारीनं दाजींना घेऊन आल्या होत्या, रस्ताभर रडत. घराला कुलूप. शेजारणीनं सांगितलं की सगळी फुटबॉल बघायला गेलीत. सख्खा भाऊ गेलेला आणि घरचे खेळ बघायला! तशाच तावातावानं मैदानावर चालत आल्या, दाजी मागं मागं. गाडी ओळखली, गाडीत मला ओळखलं, आणि माझ्या कपाळावर कुंकू. मग पदर, चाक, बांगड्या, ते सगळं झालं. गोलात कोण उभं आहे हे त्यांनी पाहिलंच नाही. मेलेला माणूस गोलात कोण शोधतो?

मी तोंडातले फुटाणे चावत होते. कुठलं कार्ड आधी गेलं, हे मला तेव्हा, त्या घासाला कळलं.

आत्याबाई मात्र शांत. त्यांनी लेकीकडं पाहिलं आणि विचारलं, "रडलीस का?"

"आये, काय इचारती? काल दुपारपून रडून राह्यले."

"मनापासून?"

"भाऊ गेला माझा!"

"झालं मंग," आत्याबाई म्हणाल्या आणि काठी खाली ठेवली. "टळलं."

हा गलका ऐकून मालकांनी मागं वळून पाहिलं. गोलकीपरनं असं वळायचं नसतं. समोर बहीण छाती पिटत होती, बायकोचं कपाळ पांढरंफटक, बांगड्यांचे तुकडे चाकाखाली. ते नंतर सांगायचे, की एक क्षण त्यांना वाटलं आपणच गेलो, आणि त्यांनी स्वतःचं पोट चाचपून पाहिलं.

"आक्का," ते म्हणाले, "कोण गेलं?"

वन्संबाईंनी वर पाहिलं. ओठातून रक्त आलेला, मातीनं भरलेला भाऊ उभा होता. त्यांनी जी किंकाळी फोडली तिनं आमचे बैल उधळायचे राहिले एवढंच. मग गाडीला वळसा घालून त्या गोलात शिरल्या आणि त्यांनी भावाच्या गळ्याला मिठी मारली. आमच्या वन्संबाई काही सुपारीएवढ्या नव्हत्या. भरल्या दोन घागरी घेऊन त्या चढ चढायच्या.

आणि नेमका तेव्हाच पलटणीचा एक उंच गडी चेंडू घेऊन सुटला होता.

"गोल बघ, किसन, गोल!" आमची माणसं ओरडायला लागली. मालक म्हणत होते, आक्का, सोड. आक्का म्हणत होत्या, आता मी तुला सोडत न्हाई. शिट्टी वाजवणारे शाळेचे ड्रिलमास्तर होते. त्यांनी शिट्टी तोंडाशी नेली आणि तशीच धरून ठेवली. गोलात बहीण आली तर काय करायचं, हे त्यांच्या नियमात नसावं.

त्या गड्यानं लाथ मारली. चेंडू वर, कोपऱ्यात. मालकांनी उडी घेतली. गळ्यात बहीण, तिच्या पायांतल्या जोडव्यांसकट जमिनीवरून वर. हे मी या डोळ्यांनी पाहिलंय. एक हात मोकळा होता, त्याची मूठ चेंडूवर बसली आणि चेंडू आडव्या बांबूवरून बाहेर गेला. मग दोघं भावंडं खाली आली. आधी मालक आणि त्यांच्यावर वन्संबाई.

नंतर कोपऱ्यातून चेंडू आला तेव्हा मालक वन्संबाईंच्या खालीच होते, तेव्हा तो गोल झाला. आम्ही एका गोलानं हरलो.

मी फुटाणे फेकून दिले. खोली गेली होती. आणि ती माझ्या अक्षरानं गेली होती.

खेळ संपल्यावर कप्तानसाहेब गोलाकडं आले. कोण मेलं, असं त्यांनी दख्खनीत विचारलं. आत्याबाईंनी आपल्या मराठीत सगळं सांगितलं : कावळा, कार्ड, रडणं. साहेबांना किती कळलं कोण जाणे, ते मान हलवत होते. मग त्यांनी वन्संबाईंकडं बघितलं. वरपासून खालपर्यंत बघितलं, जसं तराजूत धडीचं माप बघावं तसं.

"बहन को गले में लटका के इत्ता कूदा," ते म्हणाले. "खाली गले से कित्ता कूदेगा?"

पुढच्या महिन्यात आम्ही हैदराबादला गेलो. पोलीस ॲक्शन होऊन टीम मोडेपर्यंत मालक तिथं गोलात उभे राहिले. त्या पगारात त्यांची दोन बोटं वाकडी झाली आणि पुढचे दात गेले. परत आल्यावर जिनिंगच्या फाटकावर नोकरी मिळाली. कुणाला आत येऊ द्यायचं नाही, एवढंच काम होतं. ते त्यांना येतच होतं. खोलीला पडदा मात्र मी कधी लावला नाही. हैदराबादच्या खोलीला खिडकीच नव्हती.

मालक गेले ते म्हातारे होऊन, झोपेत. मीच कार्ड लिहिलं, या वेळी तारीख घालून. वन्संबाई आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी नाही, पाचव्या दिवशी नाही. दहाव्याला आल्या, काठी टेकत. दारातच उभ्या राहून माझ्या कपाळाकडं बघत राहिल्या.

"दुसऱ्या कार्डाची वाट बघून राह्यले होते," त्या म्हणाल्या. "या बारीला नक्की का?"

"नक्की," मी म्हटलं.

मग त्या रडल्या.

त्या मैदानावरच्यांपैकी आता आम्ही दोघीच उरलोय. वन्संबाईंना ऐकू येत नाही आणि मला कुणी कार्ड लिहू देत नाही.